दोन कमानींमधली जागा

तेहरान शहराला एकेकाळी बारा वेशी होत्या. काजार घराण्यातील नासिरुद्दीन शाहने १८६०च्या दशकाच्या अखेरीस जुना, अपुरा पडू लागलेला तट पाडायला घेतला आणि शहराभोवती खंदकासह नवा अष्टकोनी तट उभारला. त्या तटातले दरवाजे रंगीत काशीच्या, म्हणजे चकाकत्या लेपाच्या, फरशांनी मढवलेले होते. पुढे १९३०च्या दशकात रेझा शाह पहलवीच्या कारकिर्दीत मोटारींसाठी रस्ते रुंद झाले, खंदक बुजवले गेले आणि हे दरवाजेही जमीनदोस्त झाले. आज त्यांतल्या काहींची केवळ नावे उरली आहेत. दरवाजे दौलत आणि दरवाजे शेमिरान ही तेहरानच्या मेट्रोची स्थानके आहेत. तिथे उतरणाऱ्या प्रवाशाला नावातला दरवाजा कुठेही दिसत नाही. वेशी पाडल्यानंतर तीसेक वर्षांतच याच शहराला पुन्हा एक वेस हवीशी वाटली. इराणी साम्राज्याच्या अडीच हजार वर्षांचा उत्सव जवळ येत होता, त्यानिमित्त शहराच्या पश्चिम अंगाला, मेहराबाद विमानतळाजवळ एक स्मारक उभारायचे ठरले. १९६६ मध्ये त्यासाठी स्पर्धा झाली. ती जिंकली तेहरान विद्यापीठातून नुकत्याच पदवीधर झालेल्या होसेन अमानत या चोवीस वर्षांच्या तरुणाने. ऑक्टोबर १९७१ मध्ये उद्घाटन झालेली ही पंचेचाळीस मीटर उंचीची पांढरी वास्तू तेव्हा शाहयाद, म्हणजे शाहचे स्मारक, म्हणून ओळखली जात होती. १९७९च्या क्रांतीनंतर ती आझादी झाली.

इस्लामी वास्तुकलेपासून प्रेरणा घेऊन आजच्या काळातली वेस बांधायची म्हणजे नेमके काय घ्यायचे, हा या प्रकरणाचा प्रश्न आहे. बहुतेक ठिकाणी याचे उत्तर फार लवकर दिले जाते. एक घुमट, दोन मिनार, थोडी जाळी, आठ कोनांच्या चांदण्यांची नक्षी आणि टोकदार कमान एवढे जमले की वास्तू ‘इस्लामी’ दिसू लागते. विमानतळांची प्रवेशद्वारे, हॉटेलांचे दर्शनी भाग, सरकारी कचेऱ्या, सगळीकडे हा ऐवज सापडतो. जेद्दाहहून मक्केला जाणाऱ्या महामार्गावर १९७९ मध्ये उभ्या राहिलेल्या कमानीने दुसरी वाट धरली. तिथे रस्त्यावर रेहालवर, म्हणजे ग्रंथ ठेवायच्या घडवंचीवर, उघडून ठेवलेल्या कुराणाचाच प्रचंड आकार पेलून धरला आहे. ते प्रतीक लांबून, धावत्या गाडीतूनही कळते आणि पवित्र हद्द सुरू होत असल्याची जाणीव करून देण्याचे काम ते चोख बजावते. पण त्यात वास्तुकलेचा भाग थोडा आहे, कारण तिथे पुस्तकाचा आकार मोठा केला आहे, बांधकामाची परंपरा पुढे नेलेली नाही. माझे म्हणणे असे की इस्लामी वास्तुकलेचा, निदान इराणी परंपरेतल्या इस्लामी वास्तुकलेचा, खरा ठेवा तिच्या आकारांत नाही. तो एका आकारातून दुसऱ्या आकारात जाण्याच्या रीतीत आहे. आझादीची वास्तू मोठी ठरते ती या कारणाने, की तिने आकारांबरोबर ही रीतही उचलली.

हे पटण्यासाठी आधी त्या वास्तूकडे नीट पाहायला हवे. समोर उभे राहिले की चार पाय पसरून, कमरेशी आवळत वर गेलेला पांढऱ्या दगडाचा एक डोलारा दिसतो. त्याच्या पोटात एक भव्य कमान आहे, गोलसर माथ्याची आणि खाली येताना दोन्ही बाजूंना सैलावत जाणारी. अर्धवर्तुळाची कमान कंपासाने आखता येते, ही येत नाही. तिच्या वर, थोडी मागे सरलेली, दुसरी कमान आहे आणि तिचे टोक निमुळते आहे. खालची कमान इस्लामपूर्व सासानी काळाची आठवण देते, वरची इस्लामी काळाची. या दोन कमानी एकावर एक ठेवून मधली भिंत सपाट सोडली असती तरी काम भागले असते, आणि एखाद्या सामान्य वास्तुकाराने तेच केले असते. अमानतने मधली जागा एकमेकींना छेदत वर चढणाऱ्या दगडी पट्ट्यांनी भरली. खालच्या वळणातून निघालेली रेघ दुसरीला ओलांडते, तिसरीला भेटते, अरुंद होत जाते आणि शेवटी वरच्या टोकात मिसळते. कुठे थांबून ‘इथे एक कमान संपली, इथून दुसरी सुरू झाली’ असे म्हणता येत नाही. पांढऱ्यात मोजक्या जागी फिरोजी निळा रंग येतो. इस्फहानच्या घुमटांवर जो रंग अंगभर पसरलेला असतो, तो इथे फार जपून वापरला आहे.

खालच्या कमानीचे मूळ इराणात नाही, आजच्या इराकमध्ये आहे. बगदादच्या दक्षिणेला तिसफून नावाची सासानी राजधानी होती. तिथे ताक-ए-किसरा म्हणून ओळखले जाणारे दालन अजून उभे आहे. केवळ विटांची ही कमान सुमारे पंचवीस मीटर रुंद आणि पस्तीस मीटरहून उंच आहे. तिचा आकार हौसेने निवडलेला नाही. विटेला दाब सोसतो, ताण सोसत नाही. दोन टोकांना धरून साखळी सोडली की ती जे वळण घेते, तेच उलटे करून बांधले तर प्रत्येक वीट शेजारच्या विटेवर फक्त दाब टाकते, कुठेही ओढ लागत नाही. या मुलखात मोठी लाकडेही दुर्मीळ होती, त्यामुळे कमानीखाली भरभक्कम सेंटरिंग उभारणे परवडणारे नव्हते. गवंड्यांनी त्यावर तोड काढली. विटांचे थर सरळ न रचता मागच्या भिंतीकडे किंचित कलते रचायचे आणि जिप्समचा चटकन आवळणारा चुना वापरायचा, म्हणजे प्रत्येक थर आधीच्या थराला चिकटून राहतो आणि खालून टेकू लागत नाही. ताक-ए-किसराचे वळण या अडचणींतून घडले आहे.

टोकदार कमान इस्लामी काळात इराणात सर्वत्र रुळली आणि तिनेही व्यावहारिक प्रश्न सोडवले. ती कंपासाच्या दोन किंवा चार केंद्रांवरून आखता येते, म्हणून मोठ्या इमारतीत शेकडो कमानी एकसारख्या काढता येतात. रुंदी वेगवेगळी असली तरी उंची जुळवून घेता येते. बाजूंना बसणारा रेटाही अर्धवर्तुळापेक्षा कमी असतो. पण या परंपरेची सगळ्यात मोठी झेप वेगळ्याच प्रश्नात होती. खोली चौकोनी असते, घुमट गोल असतो, मग चौकोनावर वर्तुळ बसवायचे कसे? चार कोपऱ्यांत चार छोट्या कमानी तिरप्या टाकल्या की चौकोनाचा अष्टकोन होतो, अष्टकोनाचा सोळा कोनांचा, आणि मग वर्तुळ हाताशी येते. ही युक्ती सासानी गवंड्यांना ठाऊक होती, फिरुझाबादच्या तिसऱ्या शतकातल्या राजवाड्यात ती दिसते. इस्लामी काळातल्या कारागिरांनी मात्र त्या कोपऱ्यालाच वास्तूचे हृदय केले. इस्फहानच्या जामा मशिदीत १०८८ मध्ये बांधलेला उत्तर घुमट पाहिला की नजर घुमटाआधी त्या कोपऱ्यांवर खिळते. पुढे कमानी एकमेकींना छेदू लागल्या, त्यांच्या जाळ्यातून तारे उमलू लागले. मराठी वाचकाला हे पाहायला फार दूर जावे लागत नाही. विजापूरच्या गोल घुमटात दोन चौकोन एकमेकांवर फिरवून ठेवल्यासारख्या आठ कमानी एकमेकींना छेदतात, आणि १६५६ मध्ये पुरा झालेला सुमारे अडतीस मीटर व्यासाचा तो घुमट त्या जाळ्यावर उभा आहे. तिथे बहुतेक लोक वरच्या सज्जात जाऊन प्रतिध्वनी ऐकतात आणि खाली येतात. कमानींच्या त्या जाळ्याकडे मान वर करून पाहणारे थोडे असतात, आणि याचे मला वाईट वाटते, कारण त्या इमारतीची सगळी बुद्धी तिथे आहे.

आता आझादीच्या त्या मधल्या पट्ट्यांकडे पुन्हा पाहावे. जी रीत शेकडो वर्षे चौकोन आणि वर्तुळ यांच्यामध्ये, खोलीच्या आत, छताच्या अंधारात काम करत होती, ती अमानतने बाहेर उजेडात आणली आणि दोन कालखंडांच्या कमानींमध्ये बसवली. परंपरेत असे यापूर्वी कोणी केले नव्हते, तरी ते परंपरेच्या व्याकरणात चपखल बसते. यासाठी किंमतही मोठी मोजावी लागली. वास्तूच्या पृष्ठभागावर सपाट जागा जवळजवळ नाहीच, त्यामुळे प्रत्येक दगडाचा आकार वेगळा. इस्फहान भागातून आणलेल्या पांढऱ्या संगमरवराच्या सुमारे आठ हजार तुकड्यांचे मोजमाप त्या काळच्या संगणकावर करावे लागले. रचनेचे गणित लंडनच्या ओव्ह अरुप यांच्या कंपनीने सांभाळले. सिडनी ऑपेरा हाउसच्या शिंपल्यांशी हीच कंपनी झगडली होती. दगड घडवणारे हात मात्र इराणीच होते. संगणकाने दिलेला आकार छिन्नीने उतरवायचा आणि शेजारच्या दगडाशी सांधा जुळवायचा, हे काम अखेर हाताचे आणि नजरेचेच राहिले.

भोवतालच्या चौकातही हाच विचार आहे. हा चौक लंबगोल असून तिथल्या हिरवळी आणि पाऊलवाटांचा आराखडा इस्फहानच्या शेख लुत्फुल्लाह मशिदीच्या घुमटावरून सुचलेला आहे. सतराव्या शतकाच्या आरंभीच्या त्या मशिदीत घुमटाच्या आतल्या बाजूला लिंबाच्या आकाराच्या चौकटींची नक्षी आहे. कडेला मोठ्या असलेल्या या चौकटी केंद्राकडे जाताना लहान लहान होत जातात, आणि पाहणाऱ्याला घुमट आहे त्याहून खोल वाटतो. अमानतने ती रचना घुमटावरून उतरवून जमिनीवर अंथरली. छत झालेली गोष्ट अंगण झाली. घुमटाची प्रतिकृती उभारणे सोपे होते, पण घुमट कसा काम करतो हे ओळखून ते काम जमिनीकडून करून घेणे ही फार वेगळी प्रतिभा आहे.

पहिला आक्षेप इंजिनियर घेतील. जुन्या कमानींचे वळण विटेच्या अडचणीतून आले हे खरे, पण आझादीच्या पोटात लोखंड घातलेले काँक्रीट आहे. काँक्रीटला कोणताही आकार देता येतो, मग त्या पट्ट्या काही पेलत नसतील तर ती निव्वळ सजावटच ठरते. हा आक्षेप वजनदार आहे, पण त्यामागे एक विशिष्ट युरोपीय नीती आहे, की इमारतीचा पृष्ठभाग तिच्या सांगाड्याशी प्रामाणिक असला पाहिजे. इराणी परंपरेने ही अट कधीच मानली नाही. मशिदींच्या प्रवेशद्वारांवर मधाच्या पोळ्यासारखे लोंबणारे मुकर्नस अनेकदा गिलाव्याचे असते आणि मागच्या कमानीला टांगलेले असते, ते स्वतः काही पेलत नाही. काशीच्या फरशाही विटांवरचा साजच. तरी मुकर्नसला कोणी खोटे म्हणत नाही. सपाट भिंत पोकळीत कशी वळते हे डोळ्यांना समजावून सांगण्याचे काम ते करते. भार पेलणे हे एक काम आणि नजरेला एका आकारातून दुसऱ्यात नेणे हे दुसरे. आझादीच्या पट्ट्या हे दुसरे काम करतात आणि ते मनापासून करतात.

दुसरा आक्षेप इतिहासाचा आहे. आझादीतली मोठी, मुख्य कमान सासानी, म्हणजे झरतुश्ती राजांच्या काळातली. मग तिला इस्लामी प्रेरणेची वास्तू का म्हणायचे? याचे उत्तर ताक-ए-किसराच देते. तीन बाजूंनी बंद आणि चौथ्या बाजूने पूर्ण उघडे असे कमानदार दालन म्हणजे ऐवान. तिसफूनचे ते दालन ऐवानच आहे. सातव्या शतकात अरब सैन्याने तिसफून घेतल्यावर त्याच दालनात नमाज पढला गेला, असे जुने इतिहासकार सांगतात. पुढे बाराव्या शतकात इस्फहानच्या जामा मशिदीत अंगणाच्या चारही बाजूंना एकेक ऐवान आला आणि इराणी मशिदीचा तोच नमुना ठरला. इस्लामी वास्तुकला रिकाम्या पाटीवर लिहिलेली नव्हती. सासानी, बायझंटाइन, पुढे भारतीय, असे जे हाती आले ते घेऊन तिने आपले केले. मुंबईत पारशांच्या अग्याऱ्यांवर पर्सेपोलिसचे पंख असलेले बैल दिसतात, तिथे इस्लामपूर्व इराण जाणूनबुजून वेगळा राखलेला आहे आणि त्या समाजाच्या इतिहासात त्याला सबळ कारण आहे. इराणच्या भूमीवर मात्र ही दोन युगे अशी वेगळी काढता येत नाहीत, आणि अमानतची रचना ती वेगळी काढू देत नाही.

तटच नसलेल्या शहराला वेस कसली, असे विचारणारेही आहेत. आझादीखालून गाड्या जात नाहीत, वाहनांची वर्दळ तिला वळसा घालते. पण वेस ही केवळ संरक्षणाची सोय होती, हा समज इराणात आणि आपल्याकडेही टिकत नाही. शिराझच्या उत्तरेला खिंडीत कुराण दरवाजा आहे. त्याच्या माथ्यावरच्या खोलीत राज्यकर्ता करीमखान झंद याच्या काळी कुराणाच्या हस्तलिखित प्रती ठेवल्या होत्या, शहराबाहेर पडणाऱ्या प्रवाशाने पवित्र ग्रंथाखालून जावे म्हणून. रस्त्यासाठी तो पाडला गेला आणि १९४०च्या दशकाच्या अखेरीस पुन्हा बांधला गेला, तट नसताना आणि वाहतूक बाजूने जात असताना. छत्रपती संभाजीनगरातला भडकल दरवाजा मलिक अंबरने मोगलांवरील विजयाची खूण म्हणून उभारला, असे मानले जाते. वाटसरूला ‘आता हद्द बदलली’ हे सांगणे हे वेशीचे तितकेच जुने काम आहे, आणि त्यासाठी तट लागत नाही.

शेवटचा आक्षेप सर्वात अवघड आहे आणि तो टाळून चालणार नाही. ही वास्तू एका हुकूमशहाच्या, मोहम्मद रेझा शाहच्या, गौरवासाठी बांधली गेली. तिच्या रचनेतच ‘अडीच हजार वर्षांचे अखंड साम्राज्य’ हा त्याचा दावा कोरलेला आहे, आणि तिचे आजचे स्थान वास्तुकलेमुळे आलेले नसून तिथे घडलेल्या राजकारणामुळे आलेले आहे. यातला पहिला भाग खरा आहे. १९७१चा उत्सव पर्सेपोलिसच्या अवशेषांशेजारी तंबूंचे शहर उभारून, जगभरच्या राजेरजवाड्यांना बोलावून साजरा झाला. १९७६ मध्ये तर मोहम्मद रेझा शाहने हिजरी कालगणना बाजूला सारून सायरस राजापासून वर्षे मोजायला लावली आणि दोन वर्षांत लोकांच्या संतापापुढे ती मागे घ्यावी लागली. पण नेमका इथेच त्या उत्सवात आणि या वास्तूत फरक पडतो. उत्सवाने सायरसवरून थेट पहलवींवर उडी मारली, मधली इस्लामी काळाची तेराशे वर्षेही ओलांडून. वास्तूला तशी उडी मारता आली नाही. तिची खालची कमान वरच्या कमानीत मिसळल्याखेरीज पुरी होत नाही, आणि वरची कमान त्या मधल्या तेराशे वर्षांची आहे. शाहच्या पैशाने उभ्या राहिलेल्या या दगडांनी शाहच्या इतिहासापेक्षा अधिक खरा इतिहास सांगितला, असे मी म्हणेन.

राहिले राजकारण. डिसेंबर १९७८ मध्ये मोहरमच्या नवव्या आणि दहाव्या दिवशी शाहविरोधी प्रचंड मोर्चे याच चौकात येऊन थांबले. जून २००९ मध्ये निवडणुकीच्या निकालाविरुद्ध लाखो लोक इथवर चालत आले. सरकारचे क्रांतिदिनाचे वार्षिक मेळावेही इथेच भरतात. इथे आपल्या गेटवे ऑफ इंडियाशी तुलना उपयोगी पडते. पंचम जॉर्ज १९११ मध्ये मुंबईच्या धक्क्यावर उतरले त्याची आठवण म्हणून जॉर्ज विटेट यांनी गुजरातच्या सोळाव्या शतकातल्या वास्तूंतून कमानी, जाळ्या आणि मनोरे घेऊन ती रचना केली. ती १९२४ मध्ये खुली झाली. पिवळसर बसॉल्टमधली ही वास्तू देखणी आहे यात शंका नाही. तरी विटेट यांनी घेतले ते तयार आकार होते, आणि राजाराणीच्या आगमनाचा लेख अजून तिच्या माथ्यावर कोरलेला आहे. २८ फेब्रुवारी १९४८ रोजी शेवटची ब्रिटिश पलटण त्याच कमानीखालून निघून गेली आणि वास्तूचा अर्थ फिरला, पण तो घटनेने फिरवला, रचनेचा त्यात हात नव्हता. शाहयादचे आझादी होताना फक्त नाव बदलावे लागले. तिच्या दर्शनी भागावर राजाचा चेहरा नव्हता की त्याच्या पराक्रमाचा देखावा नव्हता, खरवडून काढावे असे काही नव्हते. भूमिती कोणाचीही बाजू घेत नाही. त्यामुळे १९७८चे निदर्शक, क्रांतीनंतरचे सरकार आणि २००९चे त्या सरकारचे विरोधक, या तिघांनाही ती आपली वाटू शकली. राजकारणाने तिला प्रसिद्धी दिली हे मान्यच, पण इतक्या वेगवेगळ्या हातांत जाऊनही ती टिकली याचे श्रेय रचनेला द्यावे लागते.

अमानत बहाई धर्माचे. क्रांतीनंतर त्या समाजाला इराणात जगणे कठीण झाले. अमानत यांनी देश सोडला आणि ते कॅनडात स्थायिक झाले. हैफा इथे बहाईंच्या सर्वोच्च संस्थेची इमारत त्यांनी केली तेव्हा तिथे संगमरवरी ग्रीक स्तंभांची रांग आली, कारण त्या टेकडीवर आधीच्या इमारतीने तीच शैली ठरवून दिली होती. बीजिंगमधल्या इराणच्या वकिलातीत ते पुन्हा इराणी परंपरेकडे वळले. तेहरानच्या वेशीची ती दुहेरी कमान मात्र त्यांनी ओळखचिन्हासारखी कुठे पुन्हा मिरवली नाही.